मध्यस्थ भाषेचा प्रश्न : प्रारंभिक स्पॅनिशच्या सरावसाधनांसंबंधी

परकीय भाषेच्या प्रारंभिक वर्गात आंतरजालावरील सरावसाधनांचा उपयोग करावा की न करावा, हा प्रश्न आता शिक्षकाच्या मर्जीवर राहिलेला नाही. विद्यार्थी तो करीतच असतात. खारघर येथील ज्या महाविद्यालयात प्रस्तुत लेखक सायंकाळी स्पॅनिशचा प्रथम वर्ग चालवितो, तेथे पनवेल, कळंबोली, तळोजे आणि उरण ह्या बाजूंची मुले-मुली येतात. दिवसा नोकरी करणारेही त्यांत पुष्कळ आहेत. हार्बर मार्गावरच्या गाडीत उभ्या उभ्या, एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने ही मंडळी क्रियापदांची रूपे भरीत असतात. त्यांना हे करू नका म्हणणे हास्यास्पद होईल, आणि अन्यायाचेही होईल. कारण पुष्कळांना सरावासाठी त्याखेरीज दुसरा वेळ नाही.

ह्या साधनांसंबंधी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा स्तुती किंवा निंदा ह्यांपलीकडे जात नाही. एक पक्ष म्हणतो, यंत्र कंटाळत नाही, रागावत नाही, रात्री अकराला देखील उत्तर तपासून देते. दुसरा म्हणतो, हा खेळ आहे, ह्यात भाषा नाही. दोन्ही मते काही अंशी खरी आहेत. परंतु सरावाचा जो एकेक प्रश्न विद्यार्थ्यापुढे येतो, तो प्रश्न कोणासाठी रचला आहे, हे कोणी पाहत नाही. प्रस्तुत लेखात तेवढेच पाहावयाचे आहे. माझे म्हणणे असे की, प्रारंभिक सरावाच्या प्रत्येक संचाच्या पोटात एक मध्यस्थ भाषा असते. सोपे काय आणि अवघड काय हे त्या भाषेच्या मापाने ठरलेले असते. माझे विद्यार्थी वापरतात त्या सर्व संचांत ही मध्यस्थ भाषा इंग्रजी आहे, आणि म्हणून ते संच मराठीभाषक विद्यार्थ्याला जेथे अडत नाही तेथे थांबवितात आणि जेथे अडते तेथून पुढे ढकलतात.

हे असे का झाले, ह्याचा इतिहास थोडक्यात पाहू. आजच्या सरावसाधनांना दोन पूर्वज आहेत. त्यांपैकी एक म्हणजे स्किनर ह्यांचे अध्यापनयंत्र : लहान प्रश्न, विद्यार्थ्याचे उत्तर, तत्क्षणी निर्णय. ह्या यंत्रांवरील त्यांचा प्रसिद्ध लेख १९५८ मधला. दुसरा पूर्वज म्हणजे दोन भाषांची तुलना करून अडचणींचे भाकीत करणारी पद्धती. रॉबर्ट लाडो ह्यांनी १९५७ मध्ये तिची मांडणी केली. शिकणाऱ्याच्या भाषेशी जे जुळते ते सुलभ आणि जे जुळत नाही ते दुर्घट, हे तिचे मुख्य सूत्र. अमेरिकेत ह्या सूत्राचा सर्वात कसून उपयोग कोणत्या जोडीवर झाला असेल तर तो इंग्रजी-स्पॅनिश ह्या जोडीवर. स्टॉकवेल, बोवेन आणि मार्टिन ह्यांचे ह्या दोन भाषांच्या व्याकरणरचनेवरील पुस्तक १९६५ चे. ध्वनींवरील पुस्तकही त्याच वर्षीचे. स्वतः लाडो हे स्पॅनिश कुटुंबातले, जन्माने अमेरिकन. अर्थात त्यांनी आपल्या भूमीतला प्रश्न हाती घेतला, ह्यात वावगे काहीच नव्हते. पुढे डुओलिंगोसारखी साधने २०१२ पासून सर्वांसाठी खुली झाली, तेव्हा स्पॅनिश शिकविण्याची ही सारी पूर्वतयारी, म्हणजे कोणता पाठ आधी, कोणत्या चुकीला कोणता खुलासा, हे सर्व परंपरेने हाताशी तयार होते. तयारी चांगली होती. परंतु ती इंग्रजीभाषकासाठी होती.

एका भाषेला दुसरीच्या साच्यातून पाहणे आपणांस नवे नाही. थॉमस स्टीफन्सचे कोंकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले, ते पोर्तुगीज भाषेत आणि लॅटिन व्याकरणाच्या चौकटीत. तेथे निदान लिहिणारा आणि वाचणारा ह्यांची चौकट एकच होती. आमच्या वर्गात ती तशी नाही.

आता प्रत्यक्ष उदाहरणे घेऊ. स्पॅनिशच्या पहिल्याच महिन्यात 'आवडणे' ह्या अर्थाचे वाक्य येते : 'मे गुस्ता एल मांगो'. मराठीत 'मला आंबा आवडतो'. 'मे' म्हणजे 'मला'. आंबा हा कर्ता. क्रियापद आंब्याप्रमाणे चालते. आंबे अनेक झाले की 'मे गुस्तान लोस मांगोस', 'मला आंबे आवडतात'. दोन्ही भाषांत आवडणारी वस्तू क्रियापदावर सत्ता गाजविते आणि ज्याला आवडते तो बिचारा चतुर्थीत बसून राहतो. मराठी मुलाला हे वाक्य समजण्यास अर्धे मिनिट पुरे. इंग्रजीभाषकास मात्र तेथे 'मी' हा कर्ता असतो, म्हणून सरावसंचात ह्या एका रचनेवर पाठामागून पाठ खर्च झालेले आढळतात. 'आंबा मला सुखकारक आहे' अशा अर्थाचे एक कृत्रिम इंग्रजी वाक्य रचून खुलासा दिलेला असतो. आमचा विद्यार्थी हा खुलासा वाचतो, प्रथम त्या कृत्रिम इंग्रजीचा अर्थ लावतो आणि मग स्पॅनिशकडे वळतो. घरात ज्या वाटेने सहज जाता आले असते तेथे त्याने गावाला वळसा घातला, आणि वर आपण काही अवघड शिकलो असे त्याला वाटू लागले.

हे केवळ वेळेच्या अपव्ययाचे प्रकरण असते तर मी हा लेख लिहिला नसता. पहिल्या वर्षी माझ्या हातून जी चूक झाली ती येथे नमूद केली पाहिजे. अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांपैकी १० गुण मी ह्या सरावातील गुणसंख्येवर ठेविले होते. हेतू चांगला होता; रोज थोडे करणाऱ्यास त्याचे फळ मिळावे. सत्राच्या अखेरीस उरण तालुक्यातून येणारा एक विद्यार्थी वर्गात उत्तम बोलत असूनही ह्या भागात जवळजवळ तळाशी राहिला. आपल्याला भाषा जमत नाहीत, असे तो मला शांतपणे सांगून गेला. मी त्याची चुकलेली उत्तरे एकेक करून पाहिली. बहुतेक प्रश्न स्पॅनिश वाक्याचे इंग्रजी भाषांतर करण्याचे होते. 'मुलगा सफरचंद खातो' ह्या अर्थाचे स्पॅनिश वाक्य त्याला पूर्णपणे समजले होते. त्याने लिहिलेल्या इंग्रजी वाक्यात मात्र उपपदे नव्हती. यंत्राने चूक दिली. पुढच्या वाक्यात उपपद होते ते दुसरेच होते, पुन्हा चूक. त्या मुलाची परीक्षा झाली होती ती इंग्रजीची, आणि तीही मी घेतली होती, स्पॅनिशच्या नावाने. ते १० गुण मी पुढील सत्रापासून काढून टाकले. पण त्या मुलाच्या गुणपत्रिकेवर झालेला परिणाम काही पुसता आला नाही.

उच्चारांकडे वळले की हा प्रकार अधिकच विलक्षण होतो. स्पॅनिशमधील त् आणि द् हे मराठी त-द प्रमाणे दंत्य आहेत. प्, त्, क् अल्पप्राण आहेत. स्वर पाच आणि स्वच्छ. मराठी जिभेला ह्यात शिकावयाचे फारसे काही नाही. परंतु हे शब्द आमच्या मुलांपुढे रोमन लिपीत येतात, आणि रोमन अक्षरांची ओळख त्यांना इंग्रजीने करून दिलेली असते. इंग्रजीतले ते अक्षर आपण 'ट' म्हणून वाचतो; म्हणून टोमॅटोचा स्पॅनिश 'तोमाते' हा 'टोमाटे' होतो, 'दोस' हा 'डोस' होतो, मद्यवाचक 'बीनो' हा 'व्हीनो' होतो. सर्वात वाईट वाटते ते द्वितीय पुरुषाच्या सर्वनामाचे. स्पॅनिश 'तू' आणि मराठी 'तू' ह्यांचा उगम एकच आणि उच्चारही जवळजवळ एक, तरी वर्गात पहिल्या दिवशी 'टू' ऐकू येते!

आणि खुलासे? अनेक सरावसंचांत सौम्य 'र' कसा उच्चारावा ह्याची सूचना अशी असते : लोण्याला इंग्रजीत जो शब्द आहे त्याच्या मधल्या व्यंजनासारखा. अमेरिकन तोंडात ते व्यंजन खरोखरच जिभेच्या एका हलक्या टिचकीने होते, म्हणून त्यांच्यापुरती सूचना अचूक आहे. खारघरचा मुलगा मात्र 'बटर' म्हणतो. सूचना प्रामाणिकपणे पाळणाऱ्या एका विद्यार्थिनीने 'परंतु' ह्या अर्थाच्या 'पेरो'चा उच्चार 'पेटो' असा करून दाखविला. तिच्या स्वतःच्या मराठीतला 'र' स्पॅनिशला अगदी योग्य होता. तिला 'तुझा नेहमीचा र म्हण' एवढेच सांगणे पुरे होते. जोर द्यावयाचा तो 'कुत्रा' ह्या अर्थाच्या 'पेर्रो'तील कंपित र वर.

ह्या परिसरातील आगरी बोलीविषयी येथे एक उपकथा सांगण्याचा मोह होतो. आगरीत ण आणि ळ ह्यांच्या जागी न आणि ल येतात, 'पानी', 'शाला'. ह्याबद्दल शाळेत बोलणी खाल्लेली मुले माझ्या वर्गात आहेत. स्पॅनिशमध्ये मूर्धन्य व्यंजने नाहीतच. तेथे ह्या मुलांचे न आणि ल ऐकताना कोठेही हात लावावा लागत नाही.

मराठी विद्यार्थ्याची खरी अडचण उच्चारात कोठे असेल तर ती आघातात. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, स्पॅनिशमध्ये बदलतो. 'आब्लो' ह्याचा पहिला अवयव ठासून उच्चारला तर 'मी बोलतो', शेवटचा ठासला तर 'तो बोलला'. 'पापा' हा शब्द पहिल्या अवयवावर जोर देऊन म्हटला तर लॅटिन अमेरिकेत बटाटा, दुसऱ्यावर दिला तर बाबा. बोलणारा कोण आणि काळ कोणता, हे दोन्ही एका आघातावर अवलंबून आहे. लेखनात ह्यासाठी स्वरावर तिरपी रेघ देतात. आता सरावसंचांचा व्यवहार पाहा. ही रेघ गाळली तर बरेचसे संच उत्तर बरोबर धरतात आणि खाली बारीक अक्षरांत 'चिन्हाकडे लक्ष द्या' एवढे लिहितात. ह्या औदार्याचे कारण उघड आहे. इंग्रजीभाषकाच्या कानाला आघाताचे भान जन्मतःच असते. त्याची चूक केवळ लेखनाची, टंकफलकावर ते चिन्ह सापडत नाही म्हणून झालेली. आमच्या विद्यार्थ्याला तो भेद ऐकूच आलेला नसतो. जी चूक सर्वात आधी पकडावयास हवी होती ती यंत्र क्षमा करून सोडून देते, आणि विद्यार्थी तीन महिने 'मी' आणि 'तो' ह्यांची अदलाबदल करीत राहतो.

दुसरी अशीच अडचण भूतकाळाची. दुसऱ्या सत्राच्या उत्तरार्धात काही वह्यांत मला एकच चूक पुन:पुन्हा आढळली. 'तिने आंबा खाल्ला' ह्याचे भाषांतर बरोबर : 'एय्या कोमिओ एल मांगो'. पण 'तिने पोळी खाल्ली' ह्याचे भाषांतर 'एय्या कोमीआ ला तोर्तिय्या'. 'कोमिओ' हे पूर्ण झालेल्या भूतकाळाचे रूप आणि 'कोमीआ' हे अपूर्ण अथवा रीतिभूताचे. सरावयंत्राने ही चूक नोंदविली आणि पूर्ण व अपूर्ण भूतकाळ ह्यांतील भेदाचा पाठ विद्यार्थिनीपुढे ठेवला. तिने तो तीन वेळा केला. चूक गेली नाही, आणि जाणारही नव्हती. कारण काळाचा भेद तिला ठाऊक होता. तिने केले होते ते वेगळेच. मराठीत ह्या प्रयोगात क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे चालते, आंबा खाल्ला, पोळी खाल्ली. आणि स्पॅनिशमध्ये ओकारान्त ते पुल्लिंगी व आकारान्त ते स्त्रीलिंगी असा नियम तिने नामे व विशेषणे शिकताना पाठ केला होता. दोन्हींचा मेळ घालून तिने 'कोमीआ' हे 'कोमिओ'चे स्त्रीलिंगी रूप ठरविले! चूक खरी, पण तिच्यामागे केवढा विचार आहे. विद्यार्थ्याची चूक हा त्याच्या मनात बनत असलेल्या व्याकरणाचा पुरावा असतो, असे कॉर्डर ह्यांनी १९६७ मध्ये प्रतिपादिले होते. यंत्र हा पुरावा गोळा करते आणि भलत्याच खटल्यात सादर करते. इंग्रजीत कर्मणी सुसंगती नाही, सबब ह्या चुकीसाठी त्याच्याजवळ कलमच नाही.

संबोधनाविषयी थोडेसे. स्पॅनिशमध्ये 'तू' आणि आदरार्थी 'उस्तेद' असा भेद आहे. 'उस्तेद' हा 'बुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा', ह्या जुन्या संबोधनाचा झिजलेला अवशेष, म्हणून त्याच्याबरोबर क्रियापद तृतीय पुरुषी येते. 'सरकारांनी बसावे' म्हणणाऱ्या भाषेच्या वारसांना हे पटवून द्यावे लागत नाही. इंग्रजी मध्यस्थ असली की दोन्हींचे भाषांतर एकच सर्वनाम, दोन्ही उत्तरे बरोबर. मग विद्यार्थी दुकानदाराला, मुख्याध्यापिकेला आणि मित्राला एकाच तोंडाने बोलू लागतो. मराठीत त्याने असे कधी केले नसते.

ह्यावर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, इंग्रजीचा आधार घेतल्याने लाभही होतो. होतो, ह्यात शंका नाही. लॅटिनमूलक शब्दांचा जो मोठा साठा इंग्रजीत आहे त्यामुळे रुग्णालय, राष्ट्र, महत्त्व ह्या अर्थांचे स्पॅनिश शब्द विद्यार्थ्याला न शिकविता ओळखता येतात. मराठीतील पोर्तुगीज शब्द, चावी, पाव, बादली, पगार, बटाटा, ह्यांनी मौज वाटते आणि पहिल्या दिवशीची भीती कमी होते. परंतु संख्येने ते इंग्रजीपुढे काहीच नाहीत. शब्दसंग्रहाच्या कामी इंग्रजीला हाकलून देण्याचे कारण मला दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मराठी मध्यस्थ केली तर मराठीच्या चुका येतील. येतातच. 'मला आवडतो' ह्या वाक्याने जी मदत केली तीच 'मला पाणी पाहिजे' येथे घात करते. एका विद्यार्थ्याने ह्याचे 'मे किएरे आगुआ' असे भाषांतर केले. त्याचा सरळ अर्थ 'पाण्याचे माझ्यावर प्रेम आहे' असा काहीतरी होतो. मराठीत पाहिजे असणे, येणे, माहीत असणे, दिसणे, ताप येणे ह्या सर्वांना 'मला' चालते. स्पॅनिशने त्यांपैकी 'वाटणे', 'आवडणे', 'उरणे' अशी थोडीच क्रियापदे चतुर्थीकडे सोपविली आहेत. म्हणून मराठीवर आधारलेला संच म्हणजे इंग्रजी संचाचे मराठी भाषांतर नव्हे. त्यात प्रश्नांचा क्रम आणि प्रमाण दोन्ही बदलली पाहिजेत : 'आवडणे' ह्यावर दोन प्रश्न, 'पाहिजे' ह्यावर वीस. तर्खडकर भाषांतर पाठमालेवर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकल्या. तिच्यातील वाक्यांचा निर्जीवपणा आज हसण्याचा विषय झाला आहे, आणि कानांना तिने काहीच दिले नाही हेही खरे. पण मराठी मनुष्य इंग्रजी लिहिताना कोठे ठेचाळतो ह्याचा विचार तिच्या पानापानांत आहे. स्पॅनिशसाठी तेवढा विचार अद्याप कोणी केलेला माझ्या पाहण्यात नाही.

साधनांत दोष आहे असे मात्र नाही. क्विझलेटसारख्या काही साधनांत शिक्षकाला स्वतःचे संच घालता येतात. निर्णय तत्क्षणी मिळणे, विसरलेला शब्द ठरावीक अंतराने पुन्हा समोर येणे, हे सर्व गुण कायम राहतात. क्रियापदांची रूपे पाठ करण्यासाठी तर मला ह्याहून चांगले काही ठाऊक नाही. ज्यांनी लहानपणी धातुरूपावली म्हटली आहे त्यांना त्यातील आनंद निराळा सांगावा लागणार नाही. गेल्या दोन सत्रांत मी व विद्यार्थ्यांनी मिळून मराठी वाक्यांवर आधारलेले काही संच तयार केले. कर्माच्या लिंगाची ती चूक त्यातील एका संचात मुद्दाम समोरासमोर मांडली आहे : खाल्ला, खाल्ली, खाल्ले, आणि तिन्हींच्या पुढे एकच 'कोमिओ'. एवढे पुरे पडते. आघातासाठी केवळ ऐकावयाचे प्रश्न केले. लिहिण्याची मुभाच दिली नाही.

'सेर' आणि 'एस्तार' ह्या दोन 'असणे'वाचक क्रियापदांनी मात्र आम्हांस हरविले आहे. 'मीठ खारट असते' आणि 'आमटी खारट आहे' ह्या जोडीवरून प्रारंभी मोठी आशा वाटली होती, कारण पहिल्यास 'सेर' आणि दुसऱ्यास 'एस्तार' अगदी बरोबर लागते. मुलांनी नियम उत्साहाने उचलला, आणि पुढच्याच आठवड्यात 'तो शिक्षक आहे' ह्याला 'एस्तार' लावून आणले. तेथे 'सेर' हवे. 'तो संध्याकाळी घरी असतो' ह्याला 'सेर' लावले; तेथे 'एस्तार' हवे. आहे-असतो ह्या भेदात सवय आणि प्रसंग ह्यांचा विचार आहे. स्पॅनिशचा भेद स्थळ, स्थिती आणि ओळख ह्यांवर उभा आहे. दोन्ही मधूनच एकमेकांना स्पर्श करतात. तो संच सध्या बाजूला काढून ठेवला आहे. चव, तापमान आणि रंग एवढ्यापुरता तो उपयोगी पडेल असे दिसते. पुढील सत्रात तेवढाच भाग वर्गात वापरून पाहण्याचा विचार आहे.